बंद झडपेपलीकडचा श्वास

पुढच्या आठवड्यापासून हे यंत्र तुमच्या हाती जाणार, म्हणून सांगून ठेवते. खुर्ची इकडे ओढून घ्या. वरचे दिवे राहू देत बंद, टेबलावरचा पुरे आहे.

त्या दिवशी मी या तळघरात आले होते ती फक्त सिलिंडर बदलायला. सुट्टीचा दिवस, दुपारचे अडीच. वर रस्त्यावर डोळे दिपतील असं ऊन होतं, आणि इथं खिडकी म्हणून नाही, ते तुम्ही बघताच आहात. ऑक्सिजन संपत आला होता. नवा सिलिंडर जोडायचा, सांधे गळत नाहीत ना ते बघायचं, की घरी. वहिनीला सांगून निघाले होते, "ताट वाढून ठेव. निवायच्या आत येते."

यंत्र काय करतं ते तुम्ही पुस्तकातून शिकलात, मी माझ्या भाषेत सांगते. एखाद्या वस्तूवर क्ष-किरण सोडायचे. त्या माऱ्यानं वरच्या दोन-चार थरांतले इलेक्ट्रॉन सुटून बाहेर पडतात, आणि ते किती जोरात आले यावरून कळतं की वर तांबं आहे, मँगनीज आहे की आणखी काही. नाव मोठं लांबलचक, एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी. पण इलेक्ट्रॉनला हवा सोसत नाही, वाटेतच धडकून हरवतो. म्हणून बाकीची यंत्रं आतली हवा पार उपसून टाकतात. आपलं तसं नाही. आपल्या या मुठीएवढ्या कोठडीत वस्तूभोवती थोडा वायू ठेवता येतो आणि इलेक्ट्रॉन सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून पलीकडं निसटतात. म्हणजे वस्तू हवेत वावरताना कशी असते ते दिसतं. आम्हाला नेमकं तेच हवं होतं.

माझा दादा बोगद्यात मुकादम होता. त्या दुपारच्या आठ महिने आधी आत केबल पेटली आणि बोगदा धुरानं भरला. आत अकरा माणसं होती, दादा धरून. प्रत्येकाच्या कमरेला मास्क होता. त्याच्या डबीत काळे दाणे असतात, तांब्या-मँगनीजचे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्यावर येऊन निरुपद्रवी होतो. तासभर चालतात म्हणून मास्क बनवणाऱ्या कंपनीनं लिहून दिलं होतं. बाहेर यायला पस्तीस मिनिटं पुरली असती. अकरातलं एकही माणूस बाहेर आलं नाही.

कंपनीनं मास्क तपासून घेतले. सगळे उत्तम, म्हणे. मग दोष कुणाचा? माणसांनी घाबरून पट्टे ढिले ठेवले, आणि मास्क कसा बांधायचा ते शिकवणं मुकादमाचं काम होतं. चौकशीच्या पहिल्या अहवालात तसं चक्क छापलं. त्यानंतर वहिनी दुकानात गेली की बाकीच्या दहा घरांतल्या बायका तोंड फिरवायच्या. एकीनं तर भर रस्त्यात विचारलं, "तुमच्या माणसाला दोन पट्टे नीट आवळायला सांगता आलं नाही?" वहिनी घरी आली, हात-पाय धुतले आणि कामावर निघून गेली. ती इस्पितळात अतिदक्षता विभागात नर्स आहे. कृत्रिम श्वासाची यंत्रं सांभाळते.

चौकशी पुन्हा उघडली तेव्हा दाणे आमच्याकडे आले. मी आमच्या बाईंना, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सरळ सांगितलं, "मला यातून काढा. माझा भाऊ आहे त्यात."

बाई म्हणाल्या, "काढून कुणाला बसवू? हे यंत्र तुझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. डब्या नंबर घालून येतील, कुठली कुणाची ते तुला कळणार नाही. आणि तुला जे काही सापडेल ते दुसऱ्या प्रयोगशाळेतही सापडलं, तरच ते खरं धरायचं. कबूल?"

मी मान डोलावली.

पण सापडत काहीच नव्हतं. तीन आठवडे मी दाण्यांवर विषारी वायू सोडला, ऑक्सिजन सोडला, दमटपणा कमी-जास्त करून पाहिला. तांबं छान वर दिसायचं, वायूचा नायनाट व्हायचा. पडद्यावरचे आलेख मला वेडावून दाखवत होते. दोन दिवसांत 'दोष आढळला नाही' असं लिहून सही करावी लागणार होती. वहिनीला हे सांगायची हिंमत होत नव्हती.

तर त्या दुपारी सिलिंडर बदलला. साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, एक बुडबुडा नाही. सात नंबरच्या डबीतला दाणा कोठडीत आधीपासून होता. म्हटलं, आलेच आहे तर दहा मिनिटांचं एक मोजमाप लावून नळी नीट आहे ना बघू. वायू घेतला, क्ष-किरण सुरू केले, आणि कोठडीत वायू पोचल्यावर आत येणारी झडप घट्ट बंद केली. चावी फिरवून कुलूप लावलं. हे नीट ऐकून ठेवा. झडप बंद होती आणि चावी माझ्या खिशात होती.

मी पिशवी उचलली आणि पंपाचा आवाज बदलला.

या पंपांचा सूर कसा एकसारखा असतो, आता येतोय तसा. तो सूर खाली आला. अगदी थोडा, दमलेल्या माणसाच्या आवाजासारखा. मग वर चढला. परत खाली आला.

दाबाचा काटा पाहिला. तो वर जात होता आणि उतरत होता. शेजारच्या छापयंत्रातून कागदाची पट्टी सरकत होती आणि तिच्यावर लाटा उमटत होत्या. भराभर, एकीच्या पाठीला एक.

मी पंपवाल्या काकांना फोन लावला. वीस वर्षं या यंत्राचे पंप त्यांनीच लेकरासारखे सांभाळले आहेत. घरी जेवत होते.

"काका, कोठडीतला दाब वरखाली होतोय."

"कुठंतरी गळत असेल गं."

"नाही. सगळे सांधे पाहिले. दाब वाढतो आणि… आपोआप उतरतो. परत वाढतो."

घास गिळल्याचा आवाज आला. "पोरी," ते म्हणाले, "गळती एकदा आत आली की आत येतच राहते. ती परत फिरत नाही."

"मग हे काय आहे?"

"किती सेकंदांनी होतंय?"

मी मोजलं. दोन. अडीच. दोन.

"मी निघालोच," काका म्हणाले. "तू बाहेर येऊन उभी राहा."

मी गेले नाही. का, ते आजही नीट सांगता येणार नाही. खोलीत वास यायला लागला होता. ओल्या दगडाचा, जळक्या रबराचा. वास यायला इथं काही नव्हतंच. कोठडी बंद, सिलिंडर बंद. दादा कामावरून आला की त्याचा सदरा मी उंबऱ्याबाहेर झटकायची, त्यातल्या ओल्या दगडाचा वास मला झोपेतही ओळखता आला असता. पण त्यात रबर कधी नसायचं.

"दादा?" मी म्हटलं.

सूर खाली आला आणि क्षणभर खालीच राहिला. मग वर चढला.

पळावं की यंत्र बंद करावं तेवढंच सुचत होतं. बंद करण्याची लाल कळ हाताशी होती, बोट तिच्यावर टेकलं होतं. आणि तेवढ्यात नजर पडद्यावर गेली.

तांब्याचा उंचवटा खचत होता.

तीन आठवडे जो तसूभर हलला नव्हता, तो माझ्या डोळ्यांदेखत बसत चालला होता. आणि पलीकडं, जिथं कधी काहीच नसायचं तिथं, दुसरा एक उंचवटा डोकं वर काढत होता. सोडियम. दाणे बांधायला जो चिकट पदार्थ वापरतात त्यातला सोडियम दाण्याच्या पोटातून वर येत होता आणि तांब्यावर चादरीसारखा पसरत होता. झाकलेलं तांबं काय कामाचं? विषारी वायू जसाच्या तसा आत गेला असता.

कोठडीतले वायू ओळखणारा दुसरा आलेख पाहिला. प्रत्येक लाटेबरोबर पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वाढत होता, मग ओसरत होता. ओलं, कोरडं. ओलं, कोरडं. माणूस श्वास सोडतो तेव्हा मास्कची झडप मिटायला पापणी लवण्याइतका वेळ लागतो, तेवढ्यात थोडी वाफ मागं दाण्यांत शिरते. कंपनीनं मास्क तपासले होते ते पंप लावून, एकसारखा वारा सोडून. मीही तेच केलं होतं, एकसारखा वायू, एकसारखा दमटपणा. आम्ही सगळ्या शहाण्यांनी सगळं तपासलं होतं. मास्कमध्ये माणूस मात्र एकानंही घातला नव्हता.

मी लाल कळेवरचं बोट काढलं. वही पुढ्यात ओढली आणि लिहीत गेले. वेळ, दाब, तांबं, सोडियम. लाटा आता पहिल्याइतक्या घाईच्या राहिल्या नव्हत्या. लांबत होत्या. चार सेकंद. सहा. पंप कण्हल्यासारखा खाली जायचा आणि वर यायला उशीर लावायचा. मी रडत होते आणि आकडे मांडत होते. मधेच मोठ्यानं म्हणाले, "थांब दादा, एवढं होऊ दे… मिळतंय. मिळालं बघ."

सतरा मिनिटं झाली. मग एक लाट आली, फार मोठी, आणि हळूहळू उतरली. रेघ खाली बसली. पंपाचा सूर पूर्ववत झाला आणि वास गेला.

काका आले तेव्हा मी जमिनीवर बसलेली होते. त्यांनी कुलूप पाहिलं, चावी मागून घेतली, लावून पाहिली. कागदाची पट्टी हातात धरून सुरुवातीपासून बघत गेले. मग छापयंत्र बंद केलं आणि पट्टी फाडून माझ्या हातात दिली.

"हे कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "पण आकडे खरे आहेत. आकडे सोडू नकोस."

सोडणार कशी? दुसऱ्या दिवशी पहाटेच बाईंना गाठलं. मी एवढंच म्हणाले की एकसारखा वायू सोडण्यात चूक होते आहे, श्वासासारखा सोडून बघू. त्यांनी माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडं पाहिलं आणि काकांना बोलावून घेतलं. काकांनी झडपेला छोटी मोटर बसवली, ठरल्या तालानं उघडमीट करणारी. पहिला दाणा लावला. नवव्या मिनिटाला तांबं खचायला लागलं. दुसरा लावला, तिसरा लावला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर सगळे दाणे झाकले जातायत!" आणि मला एवढी घट्ट मिठी मारली की चष्मा वाकला.

चौकशीचे प्रमुख स्वतः इथं आले. कंपनीचे तज्ज्ञही आले, कडक इस्त्रीचे, वागण्यात अदबशीर. म्हणाले, "जळलेल्या बोगद्यातले दाणे आहेत, ते खराब असणारच. हा घ्या नवा मास्क. सील तुम्हीच फोडा."

चौकशीच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर सील फोडलं. मी दाणा कोठडीत ठेवला आणि आधी एकसारखा वायू सोडला. तांबं ताठ उभं. तज्ज्ञ माझ्याकडं बघून हसले, समजूत घातल्यासारखे.

"आता?" प्रमुखांनी विचारलं.

"आता यात माणूस घालते," मी म्हटलं आणि मोटर सुरू केली.

खोलीत अकरा-बारा जण होते, सगळे पडद्याकडं झुकले. दहा मिनिटं गेली. तांब्याचा उंचवटा आधी कललेला दिसला, मग बुटका झाला, मग पार बसला. सोडियम वर आला. मग मी वायू काढून घेतला, कोठडी कोरडी केली, आणि सगळ्यांच्या देखत सोडियम परत पोटात गेला, तांबं वर आलं, जसं काही घडलंच नाही. म्हणूनच नंतर तपासणाऱ्याला कधी काही सापडत नव्हतं.

"परत करून दाखवा," तज्ज्ञ म्हणाले.

मी परत करून दाखवलं. तिसऱ्यांदा करायला लागले तेव्हा ते म्हणाले, "पुरे." थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाले, "माझा मेहुणा खाणीत आहे. हाच मास्क लावतो." आणि फोन घेऊन जिन्याकडं धावले. त्या माणसावरचा माझा राग तिथंच संपला.

दुसऱ्या प्रयोगशाळेनं सहा नवे मास्क तपासले. सहाच्या सहा तसेच निघाले. महिन्याच्या आत ते मास्क एकूण एक बोगद्यातून आणि खाणीतून काढून घेतले गेले. दाणे बांधायचा पदार्थ बदलला, झडप बदलली, आणि मास्क श्वासाच्या तालावर तपासल्याशिवाय विकायचा नाही असा नियम झाला. अहवालातलं दादाबद्दलचं वाक्य खोडून तिथं नवं आलं. ते मला पाठ आहे: 'मुकादमाने सर्वांना मास्क योग्य रीतीने बांधायला लावले होते.' पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका बोगद्यात आग लागली. सत्तावीस माणसं नवे मास्क लावून धुरातून चालत बाहेर आली. एक जण बाहेर आल्या आल्या चहा मागत होता, असं वाचलं तेव्हा मी आणि काका याच टेबलापाशी उभे राहून वेड्यासारखे हसलो.

नवा अहवाल आला त्या दिवशी आमच्या दारात चपला ठेवायला जागा नव्हती. दहाही घरांतली माणसं आली. रस्त्यात बोललेली ती बाई उंबऱ्यातच थबकली. वहिनी पुढं झाली आणि तिचा हात धरून तिला आत घेतलं. दोघी कितीतरी वेळ एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या होत्या. दादाचं नाव त्या घरात पुन्हा मोठ्या आवाजात घेतलं गेलं. कुणीतरी त्याची नक्कल केली, शिट्टी वाजवून माणसं बोलवायची, आणि सगळं घर हसलं, वहिनीसुद्धा. आग लागल्यापासून पहिल्यांदा.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी कपबश्या विसळत होतो. वहिनी म्हणाली, "मला एक सांग. श्वासासारखा वायू सोडायचा, हे तुला सुचलं कसं?"

तिच्याशी खोटं बोलवेना. सगळं सांगितलं. पट्टी पेटीत ठेवली होती, ती काढून दिली. घाबरेल असं वाटलं होतं. पण तिनं हात पुसले, पट्टी मांडीवर पसरली आणि बोट ठेवून वाचायला लागली. तिचं रोजचंच काम ते. माणूस कसा श्वास घेतोय ते ती रेघेवरून सांगते.

"हे तेच," ती हळूच म्हणाली. "श्वास सोडून झाला की जरासे थांबायचे, बघ. झोपेतसुद्धा." बोट पुढं सरकलं. "इथं पळतायत… इथं भिंतीला टेकले असतील. इथं शांत आहेत. घाबरले नव्हते गं ते." ती रडत होती, पण चेहरा उजळला होता. मलाही बरं वाटलं. चांगलं केलं दाखवलं ते, असंच वाटलं.

मग तिचं बोट अडलं.

तिनं पट्टी उचलून दिव्यासमोर धरली. मागं नेली, पुढं आणली.

"काय झालं?"

"त्यांच्या जवळ कोण होतं?"

"कुणी नाही. तो सगळ्यांत मागं, एकटाच सापडला ना. मास्क त्याच्या तोंडावरच होता."

"हो. मीच काढला तो." ती लाटांच्या मधल्या खळग्यांकडं बघत होती. मीही वाकून पाहिलं. प्रत्येक मोठ्या लाटेच्या उतारावर एक बारीक, उथळ लाट होती. मी ती शंभरदा पाहिली होती आणि यंत्राची थरथर समजले होते.

"ते सोडतात तेव्हा हे घेतंय," वहिनी म्हणाली. "प्रत्येक वेळी. एकाच मास्कमधून…"

तिनं बोट शेवटच्या मोठ्या लाटेवर आणलं, तिच्या उतारावरून खाली आणलं आणि पुढं नेलं, जिथं माझ्या मते रेघ सपाट झाली होती.

"त्यांचा इथं संपला," ती म्हणाली. "हे बघ. हे अजून घेतंय… काकांनी कागद फाडला तिथपर्यंत."